हातगुण कोणाचा?

२०२४ च्या डिसेंबरात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी आमच्या धर्मग्रामातून दोन बसगाड्या जुन्या गोव्यास गेल्या. दर्शन आटोपल्यावर पणजीत मांडवीच्या काठी तासभर थांबणे झाले. जुन्या सचिवालयाशेजारी, ज्या वास्तूला लोक आदिलशहाचा राजवाडा म्हणून ओळखतात, तेथे एक पुतळा उभा आहे. अंगात पाद्र्याचा झगा, दोन्ही हात पुढे ताणलेले आणि त्या हातांखाली मागे कोसळत असलेली एक स्त्री. आमच्यातली लहान मुले प्रथम बिचकली, मग हसली, आणि हात ताणून एकमेकांना पाडू लागली. बरोबरच्या वाटाड्याने सांगून टाकले की हा गोव्याचा मोठा जादूगार; हात फिरवला की माणूस आडवा!

हा पुतळा आबे फारिया या नावाने जगास ठाऊक असलेल्या गोमंतकीय धर्मगुरूंचा. रामचंद्र पांडुरंग कामत या शिल्पकाराने तो घडविला आणि १९४५ साली तो तेथे बसविण्यात आला. शिल्प म्हणून तो अव्वल दर्जाचा आहे, यात वाद नाही. परंतु वाटाड्यास दोष तरी कसा द्यावा? पुतळा पाहणाऱ्याच्या मनात तीच समजूत उभी राहते. ज्या माणसाने 'माझ्या हातांतून काहीही निघत नाही' हे सांगण्यात आयुष्याची अखेरची वर्षे घालविली, त्याचे स्मारक उभारताना आपण नेमके त्याचे हातच मोठे केले, ही गोष्ट आम्हांला तेव्हाही खटकली आणि अजूनही खटकते.

आपल्या भाषेत 'हातगुण' नावाचा एक शब्द आहे. दोन वैद्य तेच चूर्ण देतात, पण एकाच्या हाताला गुण असतो आणि दुसऱ्याच्या नसतो. अमक्या डॉक्टरची पायरी चढली की निम्मा ताप उतरतो, असे आपण आजही म्हणतो. हा गुण खरोखर कोणाचा, देणाऱ्याचा की घेणाऱ्याचा? अडीचशे वर्षांपूर्वी बारदेशात जन्मलेल्या एका मुलाने पुढे पॅरिसमध्ये जाऊन या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्याची हकीकत येथे थोडक्यात सांगावयाची आहे.

जुझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी कांदोळी येथे झाला. वडील कायेतान व्हितोरिन हे कोलवाळचे, आई रोझा मारिया द सौझा. या दांपत्याचा संसार टिकला नाही. ख्रिस्तसभेच्या परवानगीने दोघे विभक्त झाले. वडिलांनी गुरुदीक्षा घेतली आणि आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात धर्मभगिनी झाली. एकुलत्या एका मुलाच्या मनावर या घटनेचा काय परिणाम झाला असेल, याची कल्पनाच करावयाची. १७७१ साली पिता-पुत्र लिस्बनला निघाले, तेव्हा मुलगा पंधराव्या वर्षात होता. पुढे त्याने गोवा पुन्हा पाहिला नाही.

लिस्बनहून रोम, तेथे प्रोपागांदा फिदेच्या विद्यालयात धर्मशास्त्राचा अभ्यास, १७८० साली गुरुदीक्षा आणि त्याच वर्षी डॉक्टरेट अशी ही चढती कमान आहे. याच सुमाराची एक आख्यायिका गोव्यात घरोघर सांगितली जाते. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन करण्याचा मान तरुण फादरांना मिळाला. व्यासपीठावर चढून समोरचा दरबार पाहताच त्यांची जीभ टाळ्याला चिकटली. तेव्हा जवळच बसलेल्या वडिलांनी हळूच कोंकणीत म्हटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" त्या शब्दांसरशी भीती पळाली आणि प्रवचन उत्तम झाले. ही कथा जशीच्या तशी घडली असेल किंवा नसेलही. पण तिच्यात फारियांच्या पुढील सर्व विचाराचे बीज आहे. वडिलांनी मुलाला कसलीही शक्ती दिली नाही. एक वाक्य दिले, तेही मायबोलीतले, आणि उरलेले काम मुलाच्या मनानेच केले.

१७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध कट उघडकीस आला. पिंटोंचे बंड म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्यात अनेक देशी धर्मगुरू गुंतलेले होते आणि लिस्बनमध्ये संशयाची सुई कायेतान व्हितोरिन यांच्याकडेही वळली. पुढील वर्षी जुझे फारिया पॅरिसला गेले. तेथे लवकरच राज्यक्रांतीचा वणवा पेटला. १७९५ च्या ऑक्टोबरात कन्व्हेन्शनविरुद्ध झालेल्या उठावात हा गोमंतकीय पाद्री एका तुकडीच्या अग्रभागी होता, अशी नोंद आहे. १८११ साली ते मार्सेयला तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले, मग नीमला गेले, आणि १८१३ साली पॅरिसला परतून त्यांनी रू द क्लिशी येथे एका दालनात दर गुरुवारी जाहीर प्रयोग सुरू केले. प्रवेश मूल्य पाच फ्रँक होते.

हे प्रयोग काय होते, ते कळण्यासाठी त्यापूर्वीचे पॅरिस थोडे पाहावयास हवे. १७७८ साली व्हिएन्नाहून फ्रान्झ मेस्मर नावाचा डॉक्टर तेथे आला होता. सर्व प्राणिमात्रांत चुंबकासारखा एक अदृश्य प्रवाह असतो, तो अडला की आजार होतो आणि आपण तो हाताने मोकळा करू शकतो, असे तो सांगे. त्याच्या दालनात एक मोठे लाकडी पिंप असे. त्यातून निघालेल्या लोखंडी कांबी दुखऱ्या भागाला लावून रोगी गोलाकार बसत. कोणी रडे, कोणी किंचाळे, कोणास झटके येत, आणि पुष्कळांना नंतर बरे वाटे. सोळाव्या लुई राजाने १७८४ साली चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. फ्रँकलिनच्या बागेतल्या एका जर्दाळूच्या झाडात हा प्रवाह भरण्यात आला आणि बारा वर्षांच्या एका मुलास डोळे बांधून झाडाझाडांपाशी नेण्यात आले. मुलगा चौथ्या झाडाशी बेशुद्ध पडला. पण ते झाड ते नव्हतेच! समितीने निकाल दिला की प्रवाह वगैरे काही नाही, हा सारा कल्पनेचा खेळ आहे. प्रकरण मिटले.

येथे थोडे थांबावेसे वाटते. 'हा केवळ मनाचा खेळ आहे' हे वाक्य आपल्या घरांतही किती सहज उच्चारले जाते! सुनेला छातीत धडधडते, आजोबांना रात्र रात्र झोप लागत नाही, परीक्षेच्या दिवसांत मुलीच्या पोटात कळा येतात. तपासण्यांत काही निघाले नाही की घरातले वडीलधारे हेच वाक्य बोलून मोकळे होतात. समितीचा निकाल शास्त्रशुद्ध होता. पण कल्पनेने मुलगा बेशुद्ध पडत असेल तर ती कल्पना क्षुल्लक म्हणायची कशी, हा प्रश्न त्या विद्वानांनी तसाच सोडला. फारियांनी तो उचलला.

त्यांच्या आधी मार्की द प्युसेग्यूर या सरदाराने एक पाऊल पुढे टाकले होते. १७८४ सालीच व्हिक्टर रास नावाच्या आपल्या गावच्या तरुण शेतकऱ्यावर उपचार करताना त्याला दिसले की या मुलास झटके येत नाहीत, तो शांत निजतो आणि निजेतच बोलतो. जागेपणी मालकापुढे तोंड न उघडणाऱ्या त्या मुलाने झोपेत बहिणीशी चाललेल्या भांडणाचे दुःख सांगितले आणि मालकाने त्यास धीर दिला. मनातले बोलून हलके होण्याच्या उपचाराचा इतिहास लिहिणाऱ्यांस ही लहानशी घटना फार मोलाची वाटते. तथापि प्युसेग्यूरचा अदृश्य प्रवाहावरील विश्वास सुटला नव्हता.

फारियांनी तो सोडला. त्यांची पद्धत अगदी साधी होती. ते माणसास खुर्चीत स्वस्थ बसवीत, डोळे मिटून झोपेचा विचार करावयास सांगत आणि मग मोठ्या, ठाम आवाजात एकच शब्द उच्चारीत, "झोपा!" क्वचित तो शब्द दोन-तीनदा म्हणावा लागे, क्वचित उघडा तळहात डोळ्यांसमोर धरावा लागे. पिंप नाही, कांबी नाहीत, हातवारे नाहीत. झोप न लागली तर ते माणसास नम्रपणे परत पाठवीत. कारण त्यांचे म्हणणेच असे होते की झोपविणारा कोणास झोपवीत नाही. ज्याच्या ठायी तशी प्रवृत्ती आणि विश्वास असतो तो स्वतःच झोपतो. निजलेल्या माणसास पाणी देऊन ते दुसरे पेय आहे असे सांगितले तर त्यास तीच चव लागते, आणि झोपेत सांगितलेली गोष्ट तो जागा झाल्यावरही करतो, हेही त्यांनी दाखविले.

त्यांचे सर्वच बरोबर होते असे मात्र नाही. कोणास लवकर झोप लागते आणि कोणास नाही, याचे कारण त्यांनी रक्ताच्या पातळपणात शोधले. ते आज कोणी मानणार नाही. आणि १८१९ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर या कॅथोलिक धर्मगुरूंनी स्वतःस 'ब्राह्मण' म्हणविले आहे. युरोपीय वाचकास पूर्वेकडील गूढतेची भुरळ पडावी हा हेतू असेल, की बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन न निघालेली आपल्या समाजाची जुनी आढ्यता असेल? आम्हांस दोन्ही शक्यता दिसतात, आणि दुसरी अधिक बोचते.

पॅरिसचे लोक प्रथम गर्दी करून आले. त्यांना चमत्कार पाहावयाचा होता. समोर उभा असलेला उंच, सावळा पाद्री मात्र 'यात माझे काही नाही' असे सांगत होता, हा विरोधाभास त्यांना कसा पचावा? एका नटाने झोपेचे सोंग घेतले आणि मग भर सभेत डोळे उघडून त्यांची फजिती केली, असे सांगतात. १८१६ साली रंगभूमीवर त्यांची टिंगल करणारे नाटक आले आणि सारे पॅरिस हसले. प्रवाहवादी मंडळी त्यांच्यावर रुसली होती, कारण त्यांनी प्रवाहच नाकारला. धर्मपंडितांना त्यात सैतानाचा हात दिसत होता. अशा रीतीने तिन्ही बाजूंनी कोंडी झाली. प्रयोग बंद पडले. उरलेली वर्षे त्यांनी साध्या चॅप्लेनचे काम करीत, ग्रंथ लिहीत काढली. २० सप्टेंबर १८१९ रोजी पक्षाघाताच्या झटक्याने ते वारले. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्यांना पुरले. कबरीवर नावदेखील नव्हते. पुढे अलेक्झांडर द्युमाने 'काउंट ऑफ मॉन्टे ख्रिस्तो' या कादंबरीत अंधारकोठडीतला विद्वान कैदी म्हणून आबे फारिया उभा केला आणि नाव अमर केले. पण त्याचा फारिया इटालियन आहे आणि त्यास या विद्येशी काही देणेघेणे नाही.

ख्रिस्तसभेच्या भूमिकेविषयी वाचकांच्या मनात प्रश्न येणे साहजिक आहे. १८५६ साली रोमच्या होली ऑफिसने या विद्येच्या गैरवापराविरुद्ध सर्व बिशपांना पत्र पाठविले. परलोकातील गोष्टी सांगणे, भविष्य वर्तविणे, तिच्या नावाखाली स्त्रियांशी अशोभनीय वर्तन करणे या प्रकारांचा त्यात निषेध होता. शतकानंतर, १९५७ साली, पोप बारावे पायस यांनी भूलशास्त्रज्ञ डॉक्टरांपुढे बोलताना, योग्य ती काळजी घेऊन वैद्यकीय कारणासाठी केलेल्या संमोहनास नैतिक आडकाठी नसल्याचे सांगितले. फारियांनी जन्मभर हेच तर म्हटले होते की ही निसर्गाची गोष्ट आहे. तीत दैवीही काही नाही आणि सैतानीही काही नाही.

फारियांच्या प्रयोगांस नियमित हजर राहणाऱ्यांत नुआझे नावाचा एक सैनिकी अधिकारी होता. त्याच्या लिखाणातून हा विचार पुढे नान्सी शहराजवळच्या लिएबो या खेडवळ डॉक्टरापर्यंत पोहोचला. लिएबो गरिबांकडून पैसे घेत नसे. 'तुम्हांस झोप येत आहे, दुखणे कमी होत आहे' असे सौम्य शब्द तो त्यांच्याशी बोले. त्याचे काम पाहून विद्यापीठातील प्राध्यापक बर्नहाइम त्याचा शिष्य बनला आणि त्याने फारियांचे ऋण मोकळेपणी मान्य केले. लिएबोपासून स्फूर्ती घेतलेला एमिल कुए हा औषधविक्रेता तर याही पुढे गेला. तो म्हणे, बाहेरच्या माणसाने सूचना देण्याचीही गरज नाही. रोज सकाळ-संध्याकाळ आपणच आपल्याला धीराचा शब्द द्यावा. जपमाळेसारखी गाठी मारलेली दोरी हाती धरून ते वाक्य वीस वेळा म्हणावे, असे तो सांगे. आपल्या घरातील आजीबाईंना हे वाचून हसू आल्यावाचून राहणार नाही!

१८८९ साली याच नान्सीला व्हिएन्नाहून एक तरुण डॉक्टर शिकावयास आला. त्याचे नाव सिग्मंड फ्रॉइड. बर्नहाइमच्या ग्रंथाचे त्याने जर्मन भाषांतरही केले होते. त्या सुमारास एका विधवा रुग्ण स्त्रीवर तो संमोहनाचा उपचार करीत असे. एके दिवशी ती चिडून म्हणाली की सारखे 'हे कशामुळे, ते कशामुळे' असे विचारू नका, मला जे सांगायचे आहे ते सांगू द्या. फ्रॉइडने ऐकले. हळूहळू त्याने 'झोपा' म्हणणे सोडले आणि नुसते ऐकणे धरले. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील मोठे वळण हेच आहे, आणि ते एका रागावलेल्या रुग्ण बाईने घडविले.

या उपचारास नाव देणारीही एक स्त्री रुग्णच होती. बर्था पापेनहाइम ही व्हिएन्नाची ज्यू तरुणी १८८० ते १८८२ या काळात डॉक्टर ब्रॉयर यांच्या उपचारांखाली होती. वडिलांच्या आजारात रात्रंदिवस शुश्रूषा करता करता ती स्वतः आजारी पडली होती. ती इंग्रजीत त्या उपचारास 'बोलण्याचा इलाज' म्हणे आणि थट्टेने 'धुराडे झाडणे' असेही म्हणे. एवढी समर्पक उपमा पुढच्या कोणत्याही पंडितास सुचली नाही. मात्र बोलून ती एका झटक्यात बरी झाली, ही समजूत खोटी आहे. त्यानंतर तिला रुग्णालयात राहावे लागले. सावरावयास वर्षे गेली. १९०४ साली तिने जर्मनीत ज्यू महिलांचा संघ स्थापन केला आणि अनाथ मुलींसाठी आयुष्य वेचले. इलाजाचा वाटा किती आणि तिच्या कामाचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

आता पुन्हा गोव्याकडे वळू. १९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'संगाथ' ही संस्था तेथे स्थापन केली. तिचे कार्यालय पर्वरीला, म्हणजे फारियांच्या कांदोळीच्याच बारदेश तालुक्यात आले. या मंडळींपुढे प्रश्न साधा होता. मन खचलेली माणसे सरकारी दवाखान्यात येतात ती झोप नाही, अंग दुखते, अशी तक्रार घेऊन; आणि मनोविकारतज्ज्ञ तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग त्यांनी गावातल्याच, वैद्यकाचे कोणतेही शिक्षण नसलेल्या पदवीधर स्त्रियांना सुमारे दोन महिने शिकवून समुपदेशक केले. चोवीस दवाखान्यांतील २,७९६ रुग्णांवर केलेल्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सरकारी दवाखान्यांत, निश्चित निदान झालेल्यांपैकी सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण समुपदेशक असलेल्या ठिकाणी ६६ टक्के, तर नसलेल्या ठिकाणी ४३ टक्के होते. खासगी डॉक्टरांकडे असा फरक आढळला नाही; दोन्हीकडे सुमारे दोनतृतीयांश रुग्ण बरे झाले. आपला डॉक्टर वर्षानुवर्षांच्या ओळखीचा असतो आणि घरची चौकशी करतो, त्याचा तर हा परिणाम नसेल? हा आमचा तर्क आहे. पण येथे पुन्हा हातगुणाची आठवण होते.

२०१७ साली त्यांचा दुसरा अभ्यास आला. तीव्र नैराश्य असलेल्या माणसांशी अशाच समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी बोलावे, दुःखामुळे सुटून गेलेली आवडीची कामे एकेक करून पुन्हा हाती घ्यावयास लावावीत, रोजच्या अडचणींतून वाट काढण्यास मदत करावी, एवढाच तो उपचार. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. इतरांपैकी ३९ टक्के. म्हणजे शंभरातल्या छत्तीस जणांना या बोलण्याने पुरेसा गुण आला नाही, हेही ध्यानात घ्यावे. त्यांना डॉक्टर हवा, कदाचित गोळ्याही हव्यात, आणि त्या घेण्यात लाज नाही.

आमच्या धर्मग्रामांत मन दुखावलेले माणूस कोठे जाते? पापनिवेदनाला जाते. पण दुःख हे पाप नव्हे, आणि रांगेत मागे वीस माणसे उभी असताना धर्मगुरू तरी किती ऐकणार? मग ते एखाद्या आरोग्यप्रार्थनेच्या शिबिरास जाते. प्रार्थनेने धीर येतो, हे आम्ही अनुभवाने जाणतो. परंतु तेथेही लोकांची नजर वेदीकडे कमी आणि डोक्यावर हात ठेवणाऱ्या व्यक्तीकडे अधिक लागलेली आम्ही पाहिली आहे. अमक्या बंधूंच्या हाताला गुण आहे, हीच भाषा तेथेही चालते. आणि गुण आला नाही तर 'तुझाच विश्वास कमी पडला' असे सांगून त्या बिचाऱ्यास दुप्पट ओझ्यासह घरी धाडतात. विश्वास निजणाऱ्याचा असतो, असे फारियाही म्हणत. पण निजू न शकणाऱ्यास त्यांनी कधी दोष दिला नाही.

परतीच्या प्रवासात, सावंतवाडी मागे पडल्यावर, हे सर्व आम्ही शेजारच्या आसनावरील एका बाईंना सांगत होतो. धनी जाऊन त्यांना दोन वर्षे झाली. पहाटे तीनला डोळा उघडतो तो मिटतच नाही, हे त्यांनी त्या दिवशी प्रथमच कोणापाशी बोलून दाखविले. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, "म्हणजे तिथे डोळे मिटून झोपायचं नसतं?" आम्ही म्हणालो, "नाही बाई, फक्त बोलायचं असतं." त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग पिशवीतून जुनी डायरी काढून त्यांनी आमच्यापुढे केली आणि आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातील समुपदेशक बाईंचा वार व वेळ लिहून द्यावयास सांगितले.